'नो' मधला मुका के

प्रश्न असा आहे: 'माहीत असणे' या अर्थाच्या इंग्रजी 'नो'च्या आधी के लिहितात, मग तो उच्चारत का नाहीत? आणि हे क्रियापद आपल्या 'जाणणे'च्या नात्यातलं आहे हे खरं, की व्हॉट्सॲपवरची थाप?

नातं खरं आहे आणि त्याचा पुरावा तो मुका केच आहे. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद 'क्नावान' होतं, क स्पष्ट ऐकू येई. संस्कृत, ग्रीक, इंग्रजी या सगळ्यांची पूर्वज असलेल्या मूळ इंडो-युरोपीय भाषेतल्या धातूत तिथे तालव्य ग, म्हणजे जीभ टाळूकडे नेऊन उच्चारलेला ग, होता. ग्रीक-लॅटिनने तो ग राखला. 'डायग्नोसिस', 'इग्नोर' हे त्याच घरचे. जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळात, ग चा क झाला, हा वर्णबदल जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ साली सूत्रबद्ध केला. संस्कृतात त्याचा ज झाला: 'ज्ञा', 'जानाति', मग प्राकृत 'जाणइ' आणि मराठी 'जाणणे'. फारसीतलं रूप 'दान', म्हणून 'नादान' म्हणजे ज्याला कळत नाही तो.

एकाच जोडीवरून नातं ठरवू नये, म्हणून आणखी दोन. गुडघ्याचा 'नी' आणि 'आजानुबाहू'तला जानु. नातलगांचा 'किन' आणि जन. तिथेही क समोर ज. पण 'नाइफ'ला हे लावू नका, तो नॉर्समधून, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतून, आलेला शब्द आहे. नकाराचा 'नो' तर वेगळ्याच कुळातला, त्याचं नातं आपल्या 'न'शी.

इंग्लंडमध्ये हा क सतराव्या शतकात गळला. इंग्लंडमध्ये छपाई आणणाऱ्या कॅक्स्टनचा छापखाना लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला १४७६ साली सुरू झाला, त्यामुळे आधीच्या उच्चाराचं स्पेलिंग छापलं जाऊन रुळलं होतं. जर्मन माणूस गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतो. अशा जोडाक्षरांची ओढाताण मुंबईकराला नवी नाही: एकाच 'ज्ञान'चं मराठीत द्न्यान, हिंदीत ग्यान, गुजरातीत ग्नान.

उच्चारात चूक होते ती अशी. आपला ओ सपाट. इंग्रजी 'नो' शेवटी ओठ गोल होत उ कडे सरकतो. मात्र फार ताणला तर 'नाऊ', म्हणजे 'आता', ऐकू येतं. 'नॉलेज'मध्ये नॉ आखूड, 'नोलेज' चूक. 'अ‍ॅक्नॉलेज'मध्ये मात्र क ऐकू येतो, आणि तो त्यातल्या सी या अक्षराचा आहे.

वापराचा घोळ मोठा, कारण माहीत असणे, ओळखणे, येणे, कळणे या आपल्या चार क्रियापदांसाठी आपण एकटं 'नो' राबवतो. अंधेरी-बीकेसीतल्या मुलाखतीत 'आय नो ड्रायव्हिंग' हमखास कानावर पडतं. भाषेबद्दल 'आय नो मराठी' ठीक. कौशल्याला 'आय नो हाऊ टू ड्राइव्ह' किंवा सरळ 'आय कॅन ड्राइव्ह' म्हणावं. गंमत म्हणजे 'कॅन'ही याच धातूचं, त्याचा जुना अर्थ 'जाणणे' असाच होता.

'आय ॲम नोइंग हिम' नको, कारण माहीत असणं ही स्थिती आहे, चालू असलेली कृती नव्हे. 'मी त्याला २०१५पासून ओळखतो' याला 'आय हॅव नोन हिम सिन्स २०१५'. मराठीतला वर्तमानकाळ तसाच उचलला की 'आय नो हिम सिन्स' होतं आणि ते चुकतं. 'मला कळलं'साठी 'आय केम टू नो' व्याकरणात बसतं, पण पुस्तकी वाटतं. रोजच्या बोलण्यात 'आय फाउंड आउट', आणि कुणाकडून कानावर आलं असेल तर 'आय हर्ड'.