मुंबई महापालिकेत घरांबद्दल होणाऱ्या निर्णयांवर सामान्य माणसाने लक्ष कसं ठेवायचं? त्याचा काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की महापालिकेत पुनर्विकास, भाडेकरू, धोकादायक इमारती यांबद्दल जे ठरतं त्याचा माग नोकरी करणाऱ्या माणसाने कसा ठेवायचा, आणि एवढं करून हाती काही लागतं का. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते. लागतं. माझ्या आईची खोली त्यामुळे राहिली. माझा दादा हे अजून मानत नाही, म्हणून जरा लांबण लावते आहे.

माझं माहेर भायखळ्याच्या बाजूच्या पालिकेच्या चाळीतलं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला, त्याने बांधलेल्या या चाळी. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि तेव्हापासून तिथल्या लोकांची घरमालक महापालिका. दहा बाय बाराची खोली, सामाईक गॅलरी, टोकाला संडास. बाबा गोदीत होते. २००३ मध्ये ते गेले. त्यानंतरही भाडेपावती त्यांच्याच नावाने येत राहिली. आई दर महिन्याला भाडं भरायची, पावती कपाटातल्या पिशवीत ठेवायची, आणि घरात सगळ्यांना वाटायचं की पावती आहे म्हणजे खोली आहे.

२०११ मध्ये चाळीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव सुधार समितीपुढे आला. स्थायी समितीचं नाव सगळ्यांना माहीत असतं, कारण टक्केवारीच्या बातम्या तिथल्या येतात. पण पालिकेच्या मालकीच्या जमिनी आणि चाळींचे विषय सुधार समितीत जातात, आणि तिथे पत्रकार कमी असतात. पहिल्यांदा प्रस्ताव ‘राखून ठेवला’. चाळीत रडारड, आता काही होत नाही म्हणून. दुसऱ्यांदा ‘परत पाठवला’. तिसऱ्यांदा मंजूर झाला आणि त्या रात्री चाळीत पेढे वाटले. मी डोंबिवलीहून आले होते. कमिटीच्या सेक्रेटरींना विचारलं, कुठल्या अटींवर मंजूर झाला? ते म्हणाले, सगळे पात्र आहेत, काळजी नको. यादी पाहिली का? नाही, पण नगरसेवक आपलाच माणूस आहे. दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, “तू लग्न होऊन गेलीस, आता चाळीच्या भानगडीत कशाला पडतेस?”

हे वाक्य मला लागलं आणि त्या लागण्यातूनच पुढचं सगळं झालं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मी तेव्हा फोर्टला एका कचेरीत हिशेबाचं काम करायची. पालिकेचं मुख्यालय सीएसटी स्टेशनच्या समोर, म्हणजे माझ्या रोजच्या वाटेवर. समितीपुढे आयुक्तांकडून जो प्रस्ताव येतो त्याला मसुदापत्र म्हणतात. आमच्या नगरसेवकाच्या माणसाने ते दिलं नाही, तेव्हा शेजारच्या वॉर्डातल्या दुसऱ्या पक्षाच्या नगरसेविकेच्या कार्यालयात गेले. तिथल्या मुलाने पाच मिनिटांत झेरॉक्स दिली. ज्याला तुमच्या मताची गरज नाही तो कागद सहज देतो, हे तिथे शिकले.

मसुदापत्रात पहिली पानं तीच: भूखंड क्रमांक, क्षेत्रफळ, विकास नियंत्रण नियमावलीचं ३३(७), म्हणजे जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचा नियम, किती टक्के भाडेकरूंची संमती. (तेव्हा ७० टक्के लागायची, आता ५१ वर आली आहे. विकासकाला सोयीचं झालं, भाडेकरूंची एकजूट त्याने ढिली पडते, असं माझं ठाम मत आहे.) शेवटी अटी. आणि एक ओळ अशी की भाडेकरूंची पात्रता ‘परिशिष्ट-२ प्रमाणे’. परिशिष्ट-२ म्हणजे कोण पात्र, कोण अपात्र याची यादी. ती सोबत नव्हती.

म्हणून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. ‘माहिती द्या’ असं न लिहिता ‘नस्तीची (म्हणजे फाइलची) पाहणी करू द्या’ असं लिहिलं. हा फरक फार महत्त्वाचा आहे. माहिती मागितली की अधिकारी ठरवतो काय द्यायचं. पाहणी मागितली की पूर्ण फाइल समोर येते, टिपणांसकट. तीस दिवसांच्या आत बोलावणं आलं. अर्धी रजा टाकून गेले, मालमत्ता विभागात एका टेबलाच्या कडेला बसून पानं उलटत राहिले.

यादीत आमची खोली सापडली. भाडेकरूचं नाव: बाबांचं. शेरा: ‘मूळ भाडेकरू मयत, वारस नोंद नाही, अनिर्णीत.’ पात्र नाही, अपात्र नाही, अनिर्णीत. मी पूर्ण यादी खाली-वर पाहिली. अशा अकरा खोल्या होत्या. अकरापैकी आठांत कर्ता पुरुष गेलेला आणि मागे बाई राहिलेली.

यात दोष पालिकेचा नव्हता, हे मी दादाला तेव्हाही सांगितलं. वारस नोंद करायची तर मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, आणि इतर वारसांचं ना हरकत पत्र लागतं. इतर वारस म्हणजे मी. आठ वर्षं हे काम अडलं होतं, कारण माझ्याकडे सही मागायची कुणाची हिंमत झाली नव्हती. मागितली तर ही हिस्सा मागेल, असं घरात कुणाच्या तरी मनात होतं. मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्याच दिवशी दिली असती, आणि दिलीही, आईच्या नावावर नोंद होण्यासाठी. दादाच्या नावावर नाही, आईच्या. त्यावरून आठवडाभर बोलणं बंद होतं.

नोंद व्हायला सात महिने लागले. २०१३ मध्ये चाळ रिकामी झाली तेव्हा आईचं नाव पात्र यादीत होतं. मग कुर्ल्याला भाड्याने राहणं, बिल्डरने चौदा महिने भाडं थकवणं, हे सगळं झालं. ती रडकथा मुंबईत घरोघरी आहे. २०१९ मध्ये आईला चौदाव्या मजल्यावर ३०० चौरस फुटांचं घर मिळालं. अकरांतल्या तिघांना त्या दिवशी चावी मिळाली नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरांबद्दलचा प्रत्येक निर्णय महापालिकेचा समजणं. भाड्याचा कायदा राज्याचा आहे, १९९९ चा. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या खासगी इमारती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे. झोपडपट्टी पुनर्वसन एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे, पण झोपडपट्टी पालिकेच्या जमिनीवर असेल तर तिचं परिशिष्ट-२ पालिकाच करते, हे लोकांना माहीत नसतं आणि ते दोन कचेऱ्यांत हेलपाटे घालतात. विकास नियमावलीत बदल करायचा तर शेवटची मंजुरी मंत्रालयातून. म्हणून बातमी वाचली की आधी विचारायचं, सही कुणाची? मालमत्ता कराचं उदाहरण घ्या. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी हे २०१७ च्या निवडणुकीतलं आश्वासन. २०१९ मध्ये ‘माफी झाली’ म्हणून बातम्या आल्या, पण माफ झाला तो फक्त सर्वसाधारण कर, बाकीचे कर धरून बिल येतच राहिलं. पूर्ण माफी १ जानेवारी २०२२ पासून. मधल्या काळात कितीजण बिल हातात घेऊन वॉर्ड ऑफिसात भांडत होते, ते मी पाहिलंय.

शब्द शिकून घ्या, दहा-बाराच आहेत. ‘राखून ठेवला’ म्हणजे पुढच्या बैठकीला परत येऊ शकतो, रडायचं कारण नाही. ‘परत पाठवला’ म्हणजे प्रशासनाने दुरुस्ती करून आणायचा, आणि हीच तुमची वेळ असते, कारण त्या दुरुस्तीत अट घालून घेता येते. आम्ही ती वेळ पेढ्यांची वाट पाहण्यात घालवली. ‘दप्तरी दाखल’ म्हणजे नामंजूर, भाषा सौम्य आहे म्हणून फसू नका. समितीच्या बैठकीची कार्यक्रमपत्रिका पालिकेच्या चिटणीस खात्याकडून निघते. बैठकीच्या दिवशी काय झालं हे बातमीत आलं तरी ठरावाचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहून ठेवा. पुढे कुठल्याही कचेरीत क्रमांक सांगितला की समोरच्याचा आवाज बदलतो.

नियमावलीत किंवा भूखंडाच्या आरक्षणात बदल होतो तेव्हा एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. ती राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत येते, मागच्या पानांवर, बारीक टायपात. मी आजही ती पानं आधी वाचते. हरकत एका पानाची असली तरी चालते, पण पोच घ्या. शिक्का आणि तारीख असलेली पोच नसेल तर तुम्ही हरकत घेतलीच नाही असं समजा.

जुन्या इमारतीत राहत असाल तर पावसाळ्याआधी निघणारी अतिधोकादायक, म्हणजे सी-१ इमारतींची यादी बघा. पालिका कायद्याच्या कलम ३५४ ची, म्हणजे धोकादायक इमारतीची नोटीस आली की सगळेजण ‘इमारत खरंच धोकादायक आहे का’ यावर भांडतात. तेही भांडा, पण त्याआधी प्रत्येक भाडेकरूचं नाव आणि क्षेत्रफळ पालिकेकडून मोजून नोंदवून घ्या. इमारत पडल्याने भाडेहक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलंय. पण खोली केवढी होती हे सिद्ध करायला नंतर भिंतही उरत नाही.

७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक होते, म्हणजे प्रस्ताव मांडणारे आयुक्त आणि मंजूर करणारे प्रशासक एकच. त्या काळात ना समिती, ना तो शेजारच्या वॉर्डातला मुलगा, ज्याच्याकडून मला पाच मिनिटांत कागद मिळाला होता. नगरसेवकांवर माझा फार विश्वास आहे असं नाही, पण कुणीतरी प्रस्ताव राखून ठेवू शकतं एवढ्यानेसुद्धा लोकांना पंधरा दिवस मिळतात, आणि पंधरा दिवसांत अर्ज होतो. तुमच्या चाळीचा किंवा वस्तीचा काही प्रस्ताव त्या चार वर्षांत मंजूर झाला असेल तर तो आधी मागवा. त्यावर चर्चा झालेलीच नाही.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल, तर यातल्या बहुतेक गोष्टींनी तुमचं भाडं एक रुपयाने कमी होणार नाही. तुमच्यासाठी महापालिकेकडे फारसं काही नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. आणि पात्रतेची यादी नंतर दुरुस्त होऊ शकते, अपील करता येतं, हेही खरं. दादाचं म्हणणं तेच आहे, की यादी पुढे दुरुस्त झालीच असती, तू उगाच सगळ्यांना कामाला लावलंस.

झाली असती, कदाचित. पण ना हरकत पत्रावर माझी सही लागणारच होती, आणि ती मागायला कुणीतरी यावं लागलं असतं. ज्या घरांतून मुली लग्न होऊन गेल्या आहेत त्यांनी हे आजच करा. वडील गेले असतील तर भाडेपावतीवर कुणाचं नाव आहे ते बघा, बहिणीला फोन करा, हिस्स्याचं काय ते तोंडावर बोला आणि आईच्या नावाची नोंद करून घ्या. बहिणींनी फोनची वाट बघू नये, आपणच करावा.

आणि दादा, तू हे वाचशील, वहिनी तुला दाखवेलच. त्या तीन खोल्यांपैकी एका घरच्या काकूंना चावी मिळाली ती २०२२ मध्ये, तीन वर्षांनी. त्या आता तुझ्याच मजल्यावर राहतात. यादी आपोआप दुरुस्त होते का, ते एकदा त्यांना विचार.