करवतीआधीचं काम

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पाडलेल्या जुन्या इमारतीच्या तुळया हाती आल्या आहेत आणि त्यांच्या फळ्या चिरून घरात लाकडी जमीन करायची आहे, हे वाचून फार आनंद झाला. पुढच्याच आठवड्यात चिराई सुरू करायचा बेत मात्र पुढे ढकल.

‘एवढ्या जुन्या लाकडात आता ओल कसली?’ असं तू विचारलं आहेस. लाकूड कितीही जुनं झालं तरी हवेतली ओल घेणं आणि सोडणं थांबवत नाही. उघड्या छपराखाली राहिलेल्या तुळईत बहुधा १२ ते १५ टक्के ओलावा असतो. थंडीत आतून गरम ठेवलेल्या घरातल्या जमिनीला ६ ते ९ टक्केच चालतो, दमट हवेच्या घरात थोडा जास्त. हा फरक फळी बसवल्यावर भरून निघतो, म्हणजे ती आकसते आणि सांधे उघडे पडतात. ओलावा मोजायच्या मीटरच्या सुया तुळईच्या बाहेरच्या अंगाला टोचून काही कळणार नाही. टोकाकडचा वीतभर तुकडा कापून टाक आणि ताज्या कापाच्या मधोमध मोज. ज्या तळावर जमीन बसायची, तो लाकडी असेल तर त्याचाही ओलावा मोज. तीन इंच किंवा त्याहून रुंद फळी आणि तळ यांच्या ओलाव्यात दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको.

आता खिळे. या कामाला कंटाळू नकोस, कारण पात्याचे दात इथेच वाचतात आणि तुझे डोळेही. वाकलेलं टोक आधी सरळ कर, टोकाकडून हातोडीने ठोक, डोकं वर आलं की अंबुराने ओढ. ओढताना खाली फळीचा तुकडा ठेवलास की लाकडावर वण उठत नाही. मग मेटल डिटेक्टर चारही अंगांवरून सावकाश फिरव. डोकं तुटून आत राहिलेला खिळा शोधायला लाकूड स्वतःच मदत करतं. ओक, चेस्टनट अशा टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) असलेल्या लाकडात लोखंडाभोवती निळसर काळा डाग पडतो. तसा डाग दिसला आणि डिटेक्टर गप्प राहिला, तरी पटाशीने थोडं उकरून बघ. भेगांत अडकलेली वाळू-माती डिटेक्टरला कळत नाही आणि ती पात्याची धार खाते. म्हणून तारेच्या ब्रशने प्रत्येक भेग साफ कर.

काढलेले खिळे लगेच भंगारात टाकू नकोस. तारेचे गोल खिळे १९व्या शतकाच्या अखेरीस सर्रास वापरात आले. त्याआधीचे चौकोनी किंवा हाताने घडवलेले निघाले, तर लाकडाच्या वयाचा अंदाज येतो. नंतरच्या दुरुस्तीतले खिळेही त्यात मिसळलेले असतात, तेव्हा एकाच खिळ्यावर विसंबू नकोस.

जुना रंग दिसला तर चाचणी केल्याशिवाय घासायचा नाही. शिसं घातलेले रंग एके काळी घरोघरी होते. अमेरिकेत घरगुती रंगांत त्यांच्यावर बंदी आली ती १९७८ साली. घासल्यावर उडणारी धूळ लहान मुलांना सगळ्यात घातक. रेल्वेचे जुने स्लीपर क्रिओसोट नावाच्या विषारी डांबरी तेलात मुरवलेले असतात, ते कितीही सुंदर दिसले तरी घरात आणू नकोस. आर्सेनिकच्या औषधाने हिरवट झालेलं लाकूड घरात नको आणि शेकोटीतही नको.

किडीची भोकं बघून घाबरू नकोस. भोकाच्या कडा गडद आणि बोथट असतील तर बहुधा जुनी गोष्ट आहे. कडा धारदार, आतून फिकट आणि खाली ताजा भुसा असेल तर कीड जिवंत असू शकते. लाकडाखाली गडद कागद पसर आणि काही आठवडे नजर ठेव. शंका उरली तर भट्टीत तापवून घे. मालाच्या लाकडी खोक्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस सलग ३० मिनिटं असा आहे. हे तापमान लाकडाच्या आत पोचायला हवं.

चिरताना फळी अंतिम मापापेक्षा जाड ठेव. जुन्या तुळईत ताण साठलेला असतो, करवत फिरली की तो सुटतो आणि सरळ दिसणारी फळी धनुष्यासारखी वाकते. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी रच, वजन ठेव, थांब. मग एक अंग सपाट, एक कड सरळ, त्यानंतर जाडी, आणि फळ्या एकमेकींत अडकवायची खाच-जीभ सगळ्यात शेवटी. वर्षवलयांच्या दिशेने लाकूड जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्यापासून सालीच्या दिशेने आकसतं. म्हणून वलयं उभी दिसतील अशा चिरलेल्या फळ्या रुंद जमिनीसाठी निवड. गाभ्याचा मध्य सोडून दे.

प्लेनरवर, म्हणजे रंधा मारायच्या यंत्रावर, जाण्याआधी मात्र तुळई आडव्या उजेडात ठेवून बघ. सरळ समांतर रेघा म्हणजे खालीवर चालणारी करवत, कमानीसारख्या रेघा म्हणजे गोल करवत, उथळ खोलगट टवके म्हणजे वाकस, लाकूड तासायचं हातातलं हत्यार. त्या खुणा राखायच्या असतील तर जाडी मागच्या अंगाने काढ आणि पुढच्या अंगाला फक्त घासून तेल दे. माझं मत विचारशील तर वाकसाची खूण असलेलं एकही अंग रंध्याखाली घालू नये. तो हात आणि ते झाड, दोन्ही परत मिळत नाहीत. अमेरिकी चेस्टनटचं बघ: १९०४ मध्ये न्यूयॉर्कला रोग दिसला आणि पुढच्या काही दशकांत मोठी झाडं जवळपास संपली. आज त्याच्या रुंद फळ्या मुख्यतः जुन्या इमारतींतूनच निघतात.

एक गैरसमजही काढून टाक. दाट वलयं म्हणजे मजबूत लाकूड, हे पाइनसारख्या सूचिपर्णी लाकडाला बऱ्याच अंशी लागू पडतं. ओकसारख्या लाकडात उलट, फार दाट वलयांचं लाकूड हलकं आणि कमी ताकदीचं निघू शकतं. म्हणून जुनी तुळई पुन्हा भार पेलायला वापरायची असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नाही.

कापलेल्या टोकांचे फोटो, प्रत्येक तुळईचा मीटरवरचा आकडा आणि घराच्या तळाचा आकडा पाठव. कोणती तुळई जमिनीला घ्यायची आणि कोणती कपाट-टेबलासाठी राखायची, ते आपण त्यावरून ठरवू.