वहिनींचं काय ठरलं?

नमस्कार,

तुमचा प्रश्न माझ्या भावाने मला पाठवला. तुम्ही धायरीत राहता, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मेकॅनिकल इंजिनिअर आहात, वय ३८. मुलगी चौथीत, मुलगा सिनियर केजीत, फ्लॅटचं कर्ज अजून नऊ वर्षं, आईवडील सोबत. स्किल्ड मायग्रेशनवर, म्हणजे आपल्या कौशल्याच्या जोरावर मिळणाऱ्या व्हिसावर, ऑस्ट्रेलियाला जायचं मनात आहे आणि चार गोष्टी विचारल्यात: पॉइंट्स जमतील का, एजंट करावा का, पैसे किती लागतील, आधी एकट्याने जावं का. वहिनींबद्दल एकच वाक्य आहे, तेही कंसात: ‘मिसेस एका सीएंच्या ऑफिसात आहे, तिचं काय ते तिकडे गेल्यावर बघू.’

त्या कंसामुळेच एवढं लांबलचक लिहायला बसले.

मी मूळची कोथरूडची. इथे अकरा वर्षं शाळेत गणित शिकवलं. जानेवारी २०१८ मध्ये नवऱ्याच्या व्हिसावर दोन मुलं आणि आठ बॅगा घेऊन मेलबर्नला गेले. आता मेलबर्नच्याच टार्नीट उपनगरात घर आहे, तिथल्या शाळेत पुन्हा गणितच शिकवते. पण मधले चौदा महिने मी घरी बसून होते, आणि त्याला कारण आम्हीच. आमचाही कंस असाच होता.

आधी पॉइंट्सचं बोलू. वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी यांचे पॉइंट्स धरून आधी नाव नोंदवायचं, आणि पॉइंट्स पुरेसे असतील तर व्हिसाचा अर्ज भरायचं आमंत्रण येतं. वय ३३ ते ३९ असेल तर २५ पॉइंट्स, चाळिसावा वाढदिवस झाला की १५, आणि ४५ ला दारच बंद. वय धरतात ते आमंत्रण येईल त्या दिवशीचं, तुम्ही नाव नोंदवलं त्या दिवशीचं नाही. मुलीची पाचवी होऊ दे मग बघू, असं तुम्ही म्हणता. अहो, तोवर तुमची चाळिशी उंबऱ्यात येईल आणि दहा पॉइंट्स हातचे जातील. पदवीचे १५. मागच्या दहा वर्षांतला आठ वर्षांचा अनुभव मान्य झाला तर १५. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या चारही भागांत ७ आले तर १०, चारही भागांत ८ आले तर २०. (त्याऐवजी पीटीई ही परीक्षा देणार असाल तर ऑगस्ट २०२५ पासून तिथले गुणांचे आकडे बदललेत, मित्राच्या जुन्या कोष्टकावर जाऊ नका.) म्हणजे इंग्रजी बरं असेल तर तुम्ही ६५ वर आणि उत्तम असेल तर ७५ वर. ६५ हा नाव नोंदवण्यापुरता उंबरठा आहे, तेवढ्यावर बोलावणं येईल या भरवशावर राहू नका. राज्याने नामांकन दिलं तर १९० नंबरच्या व्हिसाला ५ वाढतात. ४९१ ला १५ वाढतात, पण तो पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे, ठरलेल्या भागात राहावं लागतं आणि तीन वर्षांनंतर कायमच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. या ‘ठरलेल्या भागात’ पर्थ आणि अ‍ॅडलेड अख्खी शहरं येतात, त्यामुळे नुसत्या नावाला घाबरून ४९१ सोडू नका.

आता वहिनी. जोडीदाराच्या इंग्रजीत चारही भागांत ६ आले की तुम्हाला ५ पॉइंट्स मिळतात. जोडीदाराचं स्किल असेसमेंटही (म्हणजे शिक्षणाची आणि कामाची तिथल्या संस्थेकडून पडताळणी) झालं, वय ४५ च्या आत असलं आणि पेशा व्हिसासाठीच्या पेशांच्या तुमच्याच यादीतला असला, तर १०. नोव्हेंबर २०१९ पासून हा नियम आहे. आमच्या वेळी असेसमेंटचे ५ मिळायचे. तेव्हा आम्ही जंगली महाराज रस्त्यावरच्या एका सल्लागाराकडे गेलो होतो. त्याने माझ्याकडे न बघता नवऱ्याला सांगितलं, ‘वहिनींना डिपेंडंट टाकू. कॉलेजकडून इंग्रजी माध्यमाचं पत्र आणा, म्हणजे परीक्षेचा खर्च वाचेल.’ पत्र आणलं, खर्च वाचला. मग नवरा आयईएल्टीएसच्या लिखाणात साडेसहावर अडकला, एकदा नाही, तीनदा. चौथ्यांदा सात आले. ज्या पॉइंट्ससाठी तो चार वेळा परीक्षेला बसला, त्यातले पाच माझ्या कपाटात बी.एड.च्या सर्टिफिकेटखाली पडून होते, आणि ते आम्हाला कळलं टार्नीटला पोचल्यावर.

त्या ‘डिपेंडंट’ शब्दाचा राग मला आजही येतो. व्हिसा मिळाला तेव्हा माझ्या हक्कांत आणि नवऱ्याच्या हक्कांत काडीचा फरक नव्हता. मलाही पहिल्या दिवसापासून कुठेही नोकरी करायची मुभा होती. पण शिक्षकाला तिथे आधी राज्याच्या शिक्षक संस्थेकडे नोंदणी करावी लागते, आणि इंग्रजीचे निकष तुमच्याहून कडक. असेसमेंटसाठी ऐकण्याबोलण्यात ८ आणि वाचण्यालिहिण्यात ७ लागतात. ही तयारी मी कोथरूडला आई मुलांना सांभाळत असताना करू शकले असते. केली ती टार्नीटच्या भाड्याच्या घरात, दोन वर्षांच्या मुलाला दुपारी झोपवून, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून. बसलं की तो उठायचा.

तेव्हा वहिनींची कागदपत्रं आजच काढा. अकाउंटंट हा पेशा यादीत आहे. असेसमेंटला बी.कॉम.च्या नुसत्या मार्कशीटवर भागत नाही, विषयवार अभ्यासक्रमही मागतात. सीएंकडून कामाचं पत्र घ्या, त्यात हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि प्रत्यक्ष काम काय हे सगळं हवं. पाच पॉइंट्स, दहा पॉइंट्स हे आहेच. पण खरं सांगू का, तिथे एका पगारावर चौघांचं घर चालवणं पहिल्या वर्षी फार जड जातं.

तुमच्या असेसमेंटचंही सांगते. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेकडे तीन ‘करिअर एपिसोड’ लिहून द्यावे लागतात, प्रत्येकी हजार ते अडीच हजार शब्दांचे, तुम्ही स्वतः काय डिझाइन केलंत, काय बिघडलं, कसं सोडवलंत असे. तयार लिहून देणारे पुण्यात पैशाला पासरी आहेत. उसनं लिखाण सापडलं तर अर्ज फेटाळून वर बंदी घालतात. रविवारी सकाळी चहा घेऊन बसा आणि स्वतः लिहा.

आणि पत्रं. भोसरीला पाच वर्षं होतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तुम्हाला हे भोगावं लागणार. नवऱ्याची पहिली नोकरी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात होती. अनुभवाचं पत्र मागायला गेला तर मालकांनी प्रेमाने लेटरहेडवर लिहून दिलं की हा मुलगा सज्जन आहे, त्याची वागणूक चांगली आहे, आम्ही त्याला उज्ज्वल भविष्य चिंतितो. चार फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला मालक म्हणाले, ‘अरे, ड्रॉइंग काढायचास, फिक्श्चर बनवायचास, हे मी कागदावर कशाला लिहू, सगळ्यांना माहितीये.’ चौथ्या फेरीला त्यांच्या क्लार्कने टाइप केलं, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की लेटरहेडवरचा लँडलाइन नंबर कधीच बंद झालाय. तिकडून चौकशीला फोन आला असता तर? पाचवी फेरी. पगार रोखीत असेल तर फॉर्म १६ आणि पीएफचा उतारा शोधून ठेवा, पत्रामागे पुरावा हवाच.

पदवीच्या ट्रान्सक्रिप्टसाठी गणेशखिंडला चकरा होतील. तुमच्या सर्टिफिकेटवर नुसतं पुणे विद्यापीठ असेल, सावित्रीबाई फुले हे नाव २०१४ मध्ये लागलं. त्याने बिघडत नाही. बिघडतं ते माणसांच्या नावांमुळे. वहिनींच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव तिसऱ्याच स्पेलिंगने. ते आधी सरळ करा, पोलीस क्लिअरन्सचं मग.

एजंट हवाच असं नाही. साधी केस असेल तर अर्ज स्वतः भरता येतो. घेतलात तर त्याचा एमएआरएन, म्हणजे एजंटचा नोंदणी नंबर, मागा आणि ऑस्ट्रेलिया सरकारच्या नोंदवहीत तपासा. तिथे बसून सल्ला विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती आहे, पुण्यात बसणाऱ्याला नाही. नंबर विचारल्यावर जो विषय बदलतो त्याच्या ऑफिसात चहासुद्धा घेऊ नका.

नोकरीबद्दल एक कडू गोष्ट. तुमचं सगळं काम मोटारींच्या धंद्यातलं आहे. ऑस्ट्रेलियात आता मोटारी बनत नाहीत. फोर्डने २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये कारखाना बंद केला, टोयोटाने मेलबर्नमधला अल्टोनाचा आणि होल्डनने अ‍ॅडलेडचा ऑक्टोबर २०१७ मध्ये. आम्ही उतरलो ते त्यानंतर तीनच महिन्यांनी. नवऱ्याच्या बायोडेटात वरपासून खालपर्यंत गाड्या, आणि त्याच कामातली अनुभवी स्थानिक माणसं नुकतीच मोकळी झालेली. पाचव्या महिन्यात नोकरी लागली ती पाण्याच्या पंपांच्या देखभालीची. त्याआधी दहा आठवडे त्याने गोदामात रात्रपाळी केली. मला वाटतं, त्याला त्याचं फार दुःख नव्हतं, सासूबाईंना फोनवर सांगताना मात्र तो ‘लॉजिस्टिक्समध्ये आहे’ म्हणायचा. तुम्ही बायोडेटात गाडीचं नाव मागे घ्या आणि देखभाल, गुणवत्ता, प्रकल्प, सुरक्षा हे पुढे आणा. खाणी, रेल्वे, पाणी, संरक्षण यांत मेकॅनिकलचं काम आहे. खाणींसाठी पर्थ बघा, मेलबर्नचा हट्ट नको.

एकट्याने आधी जावं का? आम्ही एकत्र गेलो. आज विचाराल तर मी म्हणेन, तुम्ही तीन-चार महिने आधी जा, वहिनींचा इथला पगार चालू राहू दे, त्यांची परीक्षा आणि असेसमेंट राहिलं असेल तर तेवढ्यात उरकू दे. पण त्यांच्या तिकिटाची तारीख तुम्ही विमानात बसण्याआधी ठरलेली हवी. ‘नोकरी लागली की बोलावतो’ यावर आमच्या ओळखीतलं एक कुटुंब दोन वर्षं दोन देशांत राहिलं. व्हिसावर पहिल्या प्रवेशाची शेवटची तारीख असते, ती चौघांनाही पाळावी लागते, हेही त्यात धरा.

पैसे. व्हिसाचं शुल्कच चौघांचं सुमारे दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होतं आणि ते दर १ जुलैला वाढतं. आमंत्रण आलं की अर्ज भरायला ६० दिवस मिळतात, तेवढ्यात ही रक्कम उभी करायची असते. म्हणून ती एफडीत अडकवू नका. परीक्षा, असेसमेंट, मेडिकल, तिकिटं वेगळी. तिकडे गेल्यावर सहा महिने पगार आलाच नाही असं धरून हिशोब करा. बेकारभत्त्यासाठी नव्या रहिवाशाला चार वर्षं थांबावं लागतं. सरकारी आरोग्यसेवा मात्र कायमच्या व्हिसावाल्यांना लगेच मिळते. भाडं आठवड्याचं सांगतात. आपण त्याला चारने गुणतो आणि फसतो. ५२ ने गुणा, १२ ने भागा.

धायरीचा फ्लॅट विकू नका, निदान पहिली दोन वर्षं. भाड्याने दिलात तर लक्षात ठेवा, मालक अनिवासी झाला की भाडेकरूने भाड्यातून तीस टक्क्यांच्या वर टीडीएस कापायचा असतो. हे ऐकून निम्मे भाडेकरू पळतात. बँकेचं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं, करून घ्या आणि वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र करा. ते भाडं ऑस्ट्रेलियाच्या विवरणपत्रातही दाखवावं लागतं.

मुलांची काळजी सोडा. शाळा जानेवारीच्या अखेरीस सुरू होते, वर्ग वयावर ठरतो, आणि घर ज्या भागात त्या भागातली शाळा मिळते, म्हणून शाळा बघून घर घ्या. सहा महिन्यांत ती तुमचे उच्चार सुधारायला लागतील.

आईवडिलांचं तुम्ही विचारलंच नाहीत, ‘नंतर बोलावून घेऊ’ एवढंच लिहिलंत. इथे मला स्पष्ट बोलावं लागेल. तुम्ही दोघं भावंडं, बहीण साताऱ्याला, म्हणजे निम्मी मुलं ऑस्ट्रेलियात ही अट तुम्ही गेल्यावर पूर्ण होते. पण पैसे भरून मिळणारा पालकांचा कायमचा व्हिसा माणशी पन्नास हजार डॉलरच्या आसपास जातो आणि त्याची रांग दहा वर्षांहून लांब आहे. स्वस्तातल्या व्हिसाची रांग तीस वर्षांची. पाहुणे म्हणून ते येतील, काही महिने राहतील, हिवाळा आला की गुडघे धरून परत जातील. मार्च २०२० ते नोव्हेंबर २०२१ सीमा बंद होत्या, तेव्हा माझे वडील पुण्यातल्या दवाखान्यात अकरा दिवस होते आणि मी टार्नीटला साडेचार तास पुढे बसून भावाच्या फोनची वाट बघत होते. ते बरे होऊन घरी आले. पण तुमच्या आईशी हे बोलणं नोंदणीच्या आधी झालं पाहिजे, व्हिसा हातात आल्यावर नाही.

मी २० जानेवारीपर्यंत आईकडे आहे. भाऊ पत्ता देईल, कुठल्याही संध्याकाळी या. तुमची फाइल नंतर बघू. येताना वहिनींना आणा, आणि त्यांच्या बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांच्या मार्कशीट.