आधी साबण, मग सेवा

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘सेवाच करायची आहे, तर नर्सिंगचं शेवटचं वर्ष कशाला घासत बसू? सगळं सोडून जाते,’ असं लिहिलंयस. थांब जरा.

मदर मॅरिॲन कोप यांचं नाव तू बहुधा ऐकलेलं नसेल. जन्म 1838चा, जर्मनीतला; तान्ही असतानाच घरचे अमेरिकेला गेले. मठात जायची ओढ लहानपणापासूनची. पण वडील आजारी पडले, घर चालवायचं होतं, म्हणून आठवीनंतर ही मुलगी यूटिकाच्या गिरणीत कामाला लागली. वडील वारल्यावर, 1862 मध्ये, चोविसाव्या वर्षी ती सिरॅक्यूजच्या फ्रान्सिस्कन सिस्टर्समध्ये, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींच्या संस्थेत, दाखल झाली. नंतर जर्मन स्थलांतरितांच्या शाळांत शिकवलं, मग सेंट जोसेफ्स हॉस्पिटल चालवलं. तिथे वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना शिकायला घेतलं. अट एकच, रुग्ण नको म्हणाला तर त्याला तपासायचं नाही. दीडशे वर्षांपूर्वी! आपल्या वॉर्डात राउंडच्या वेळी कुणी विचारतं का गं रुग्णाला?

1883 मध्ये हवाईचे राजे कालाकौआ यांच्या वतीने कुष्ठरोग्यांसाठी सिस्टर्स मागितल्या गेल्या. पन्नासहून जास्त संस्थांनी नाही म्हटलं. मॅरिॲन सहाजणींना घेऊन होनोलुलूला पोचल्या. त्यांना तिथे बसवून स्वतः परतायचं, असा बेत होता. त्या परतल्याच नाहीत.

होनोलुलूतल्या काकाआकोच्या कुष्ठरोग इस्पितळात घाण होती, गर्दी होती आणि रुग्णांचे हाल करणारा व्यवस्थापक होता. त्यांनी जमीन घासली, जखमा धुतल्या आणि सरकारला बजावलं, एकतर हा माणूस जाईल, नाहीतर आम्ही जातो. माणूस गेला. सेवाभावी बाईने भांडू नये असं तुला कुणी शिकवलं असेल, तर ते विसर.

त्यांनी सिस्टर्सना शब्द दिला होता की तुमच्यातल्या एकीलाही हा रोग होणार नाही. ऐकणाऱ्याला यात श्रद्धा दिसते, मला साबण दिसतो. दर रुग्णानंतर हात धुवायचे, यात सूट नाही. एकीलाही रोग झाला नाही. कुष्ठरोग तसा सहज पसरत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. तेव्हा लोक नुसत्या नावाने थरथरत.

माझ्या शिकाऊ दिवसांत एका रात्रपाळीला मी एका खाटेवरचं ड्रेसिंग उरकून तशीच पुढच्या खाटेकडे वळले. इन-चार्ज सिस्टर काही बोलल्या नाहीत. माझ्या ओल्या हातावर साबणाची वडी ठेवली आणि निघून गेल्या. मला अजून तो साबणाचा वास आठवतो.

1888 मध्ये मदर मॅरिॲन हवाईतल्याच मोलोकाई बेटावर, कालाउपापाच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेल्या. पुढच्या वर्षी, तिथे आधीपासून रुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगाने गेले आणि मुलग्यांचं वसतिगृहही मदर मॅरिॲनकडे आलं. रोगावर औषध नव्हतं. तरी त्या मुलींसाठी सुरेख झगे शिवत, झाडं लावत. जी मुलगी बरी होणार नाही तिला नवा झगा कशाला, असं त्यांच्या मनातही आलं नसावं. 1918 मध्ये तिथेच वारल्या, ऐंशीव्या वर्षी. कुष्ठरोगाने नव्हे.

गिरणीतली ती वर्षं वाया गेली असं तुला वाटतं का, ते लिही. आणि परीक्षेचा फॉर्म भरलास का? शेवटची तारीख बघून ठेव.

तुझी,
जुनी सिस्टर ट्यूटर