नवकवितेत सगळं वास्तवच असतं, मग कल्पनेला जागा कुठे उरते?

तुमचं म्हणणं असं की नवकवींनी चंद्र-चांदणं बाजूला सारलं आणि उंदीर, धूर, डांबर कवितेत आणलं. हे तर नुसतं पाहिलेलं लिहून काढणं झालं, यात कल्पनाशक्ती कुठाय? मला हे पटत नाही. मराठीत नवकविता रुजवणाऱ्या बा. सी. मर्ढेकरांइतका कल्पनेवर विसंबलेला कवी क्वचितच सापडेल. फक्त त्यांची कल्पना वस्तूला सोडून उडत नाही, तिच्या आत शिरते.

त्यांची मुंबई बंदरावरची कविता काढून बघा. माघातली पहाट उजळत येते ती ‘न्हालेल्या जणु गर्भवतीच्या’ सोज्वळपणानं. आता बंदर आणि न्हालेली गर्भवती यांच्यात डोळ्यांना दिसणारं साम्य काय? रंग जुळत नाही, आकार जुळत नाही. जुळतो तो भाव: नुकतंच धुऊन निघालेलं, जडावलेलं, शांत, आणि आत काहीतरी वाढत असलेलं. समीक्षा लिहिताना मर्ढेकर यालाच भावनानिष्ठ समतानता म्हणत. पुढे तुम्हाला हवं तेवढं वास्तव आहे. गवळी मान मोडून कावड नेताहेत, चहाच्या पत्तीचा गंध आहे, डांबरी रस्ता आहे. पण त्याच गवळ्यांच्या शेजारी घरं काळोखाच्या उशीवरून अलगद डोकी उचलतात. आणि शेवटाकडे कवी सांगतो की या निवांत सृष्टीच्या ‘पोटी’ अजस्त्र धांदल लपली आहे. इथे पहिल्या ओळीतली गर्भवती पुन्हा भेटते. ती शोभेसाठी आणलेली उपमा नव्हतीच, अख्खी कविता तिच्यावर उभी आहे. ती काढा, मागे एका सकाळची टिपणं उरतील.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, यंत्रमागांच्या वस्तीत. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, गर्दी ओसरली की माघातल्या थंडीत, रात्रपाळी सुटून दिवसपाळी लागायच्या मधे, आमच्या गल्लीतले माग थोडा वेळ बंद असतात. समोरच्या कारखान्यात एक मावशी सुताच्या कांड्या भरायला आधीच येऊन बसलेल्या असतात, पदर कानाभोवती घट्ट गुंडाळलेला, भुवयांवर कापसाचे बारीक तंतू. हे मी लहानपणापासून बघतोय. पण ती शांतता रिकामी नाही, तिच्या पोटात दिवसभराचा खडखडाट दबा धरून बसलाय, हे मला त्या कवितेनं दाखवलं. रोज डोळ्यांसमोर असलेलं वास्तव दुसऱ्या कुणाच्या कल्पनेमुळे दिसायला लागतं, याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

उंदरांची कविता तर सगळ्यांना पाठ असते. ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ ही बातमी झाली म्हणू. पण लगेच ‘ओठांवरती ओठ मिळाले’ येतं. मेलेल्या उंदरांच्या ढिगात प्रेमिकांची कृती बघणं हे निरीक्षणाचं काम नाही. पुढे तेच वाक्य ‘आसक्तीविण’वर येऊन पडतं, आणि आपण उंदरांबद्दल वाचतोय की माणसांबद्दल, हे वेगळं काढता येत नाही. ‘काही कविता’ हा संग्रह १९४७चा. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, हे ध्यानात ठेवून वाचा.

हा प्रश्न फक्त मराठीत पडला असंही नाही. अमेरिकेतला वॉलेस स्टीव्हन्स, विमा कंपनीतला बडा अधिकारी, आयुष्यभर हाच विषय कवितेत आणि निबंधांत घोळवत राहिला. महायुद्धाच्या काळातल्या एका व्याख्यानात त्यानं मांडलं की बाहेरून वास्तवाचा दाब वाढला की कल्पना आतून उलटा जोर लावते, आणि माणूस तगतो तो त्या जोरावर. त्याचे कल्पना आणि वास्तव यांवरचे निबंध १९५१ साली पुस्तकरूपात आले; मर्ढेकरांचा ‘आणखी काही कविता’ही त्याच वर्षीचा. मला मात्र या बाबतीत मर्ढेकर अधिक जवळचे वाटतात. स्टीव्हन्सच्या कवितेत कल्पनेविषयीचा विचार पुष्कळदा पुढे येतो. मर्ढेकरांकडे ती थेट कामाला लागलेली दिसते.

तुमच्या तक्रारीत एक गोष्ट खरी आहे. मर्ढेकरांनंतर पुष्कळांनी नुसती विद्रूप वस्तू ओळीत बसवली की कविता आधुनिक होते असं धरलं. अशा कविता तुमच्या वाचनात आल्या असतील तर तुमचा कंटाळा मी समजू शकतो. पण त्यांच्यावरून मर्ढेकरांचं माप काढू नका. आधी बंदराची कविता मोठ्यानं वाचा, मग उंदरांची. या दोन्ही पचल्या की १९७७चा ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हातात घ्या. तिथे कल्पना आणखी मोकाट सुटलेली आहे, आणि तरी पाय मुंबईच्या रस्त्यावरच आहेत.