दह्याचे गोळे, कोकमाचा लगदा आणि अकरावीचे गणित

प्रश्न : माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत शिकते. गेल्या उन्हाळ्यात तिने वाढदिवसाच्या पैशांतून ‘मॉलिक्युलर गॅस्ट्रोनॉमी’चे (अन्नाच्या रसायनशास्त्रावर आधारलेल्या पाकप्रयोगांचे) किट ऑनलाइन मागवले आणि तेव्हापासून आमचे स्वयंपाकघर तिच्या ताब्यात आहे. कलिंगडाच्या रसाचे मोत्यांसारखे दाणे तिला जमतात, कोकम सरबताचा मात्र दर वेळी लगदा होतो. बोअरच्या पाण्यात पावडरीच्या गाठी होतात आणि आरओच्या पाण्यात होत नाहीत, असेही तिने वहीत लिहून ठेवले आहे. आता तिला ‘मॉलिक्युलर शेफ’ व्हायचे आहे आणि त्यासाठी गणित सोडायचे आहे. तिच्या वडिलांच्या मते अन्नात रसायने मिसळण्याला करिअर म्हणत नाहीत. एका खासगी संस्थेने सहा महिन्यांच्या पदविकेसाठी दोन लाख रुपये फी सांगितली आहे. आम्ही काय करावे? – एक पालक, कराड

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात फीचा आकडा आहे, वडिलांचा विरोध आहे, मुलीची स्वप्ने आहेत. परंतु मला सर्वांत मोलाचे वाटले ते बोअरच्या पाण्याविषयीचे वाक्य, जे आपण बहुधा सहज लिहून गेलात. किटसोबत आलेल्या चिठ्ठीत पाहून गोळे करणारी मुले पुष्कळ असतात. पाणी बदलल्यावर पावडर वेगळी वागते हे लक्षात येणारी आणि ते लिहून ठेवणारी मुले मला वर्षाकाठी फार थोडी भेटतात. त्यामुळे आधी तिच्या प्रयोगाविषयी लिहितो आणि मग करिअरकडे वळतो, कारण या प्रश्नात या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

तिच्या किटमधील मुख्य पावडर सोडियम अल्जिनेटची असणार. हा पदार्थ तपकिरी रंगाच्या समुद्री शेवाळापासून काढतात. त्याचे रेणू लांबच लांब साखळ्यांचे असतात आणि पाण्यात ते मोकळे राहतात. कॅल्शियम भेटला की मात्र दोन साखळ्यांच्या मधल्या खाचांत तो जाऊन बसतो आणि त्या एकमेकींना बांधल्या जातात. संशोधक या रचनेला अंडी ठेवण्याच्या ट्रेची उपमा देतात. कलिंगडाच्या रसात अल्जिनेट घालून तो थेंबाथेंबाने कॅल्शियमच्या पाण्यात सोडला की प्रत्येक थेंबाभोवती क्षणात पातळ साल धरते आणि आत रस तसाच राहतो. बोअरचे पाणी जड, म्हणजे त्यात कॅल्शियम आधीच विरघळलेला. तेव्हा थेंब सोडण्यापूर्वीच साखळ्या भांड्यात बांधल्या जाऊ लागतात आणि गाठी होतात. आरओच्या पाण्यातून कॅल्शियम बराचसा निघून गेलेला असतो. तिने वहीत नोंदवलेले निरीक्षण असे अगदी शास्त्रशुद्ध आहे.

कोकमाचे कारण वेगळे आहे. आंबट द्रवात अल्जिनेटचे रूपांतर अल्जिनिक आम्लात होते आणि ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून लगदा. थोडे सोडियम सायट्रेट घालून आंबटपणा कमी करता येतो. परंतु कोकम इतके आंबट की त्याला पुरेल एवढे सायट्रेट घातल्यास सरबत खारट लागेल. त्यापेक्षा क्रम उलटवावा. कॅल्शियम लॅक्टेट सरबतात घालावे, सरबत साच्यात गोठवावे आणि ते गोळे अल्जिनेटच्या पाण्यात सोडावेत. अल्जिनेट लिटरला पाच ग्रॅमच्या आसपास पुरते. सरबतात कॅल्शियम क्लोराइड घालू नये, ते कडवट लागते. दह्यासाठीही हीच उलटी रीत वापरतात, कारण दह्यात कॅल्शियम मुळातच असतो आणि त्यात अल्जिनेट घातल्यास त्याचा गोळामोळा होतो. मूळचे कोलकात्याचे शेफ गगन आनंद यांनी बँकॉकमधील आपल्या रेस्टॉरंटमध्ये ज्या दह्याच्या गोळ्याने नाव मिळवले, तो जिभेवर फुटणारा गोळा याच तत्त्वाचा आहे.

आता तिच्या वडिलांच्या आक्षेपाविषयी. तो मी हसून बाजूला सारणार नाही, परंतु त्यांनी एकदा घरातील आइस्क्रीमच्या डब्यावरील बारीक अक्षरे वाचावीत अशी विनंती करतो. तेथे ४१२ हा क्रमांक आढळला तर तो ग्वार गम, म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक, ज्याच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. ४०७ म्हणजे लाल शेवाळातून मिळणारे कॅराजीनन, ४०६ म्हणजे आपले चायना ग्रास, ४१५ म्हणजे जिवाणूंकडून आंबवून घेतलेला झँथन गम आणि ४०१ म्हणजे मुलीचे अल्जिनेट. हे पदार्थ आपण वर्षानुवर्षे खात आलो आहोत. त्यांच्या वापराचे नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ठरवून दिलेले आहेत, आणि वडिलांची काळजी खरी ठरते ती ‘फूड ग्रेड’ असे न लिहिलेली पावडर सुटी आणली जाते तेव्हा. दुसरी सीमा द्रवरूप नायट्रोजनची. त्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते. व्हिडिओत धूर सुंदर दिसला तरी ते घरी आणण्याचा हट्ट तिने धरल्यास आपण नि:संकोच नाही म्हणावे.

‘मॉलिक्युलर शेफ’ या शब्दाविषयी मात्र मला स्पष्ट बोलावे लागेल. या नावाचे पद मला हॉटेलांच्या जाहिरातींत दिसत नाही. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ निकोलस कर्टी आणि फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एर्वे तिस यांनी १९८८ मध्ये ‘मॉलिक्युलर गॅस्ट्रोनॉमी’ हे नाव योजले ते एका विज्ञानशाखेसाठी, म्हणजे स्वयंपाक करताना अन्नात नेमके काय घडते याचा शोध घेण्यासाठी. तिस आजही सांगतात की ती शाखा म्हणजे संशोधन आहे, पाककला नव्हे. गोळे, फेस आणि धूर यांची ख्याती पसरली ती स्पेनमधील शेफ फेरान आद्रिया यांच्या ‘एल बुली’ या रेस्टॉरंटमुळे, परंतु २००६ मध्ये स्वतः आद्रिया आणि इंग्लंडचे शेफ हेस्टन ब्लूमेंथल यांनी इतर दोघांसह जाहीर निवेदन काढून हे लेबल नाकारले होते. ‘एल बुली’ वर्षातील सुमारे सहा महिनेच चाले, उरलेल्या काळात बार्सिलोनातील कार्यशाळेत नव्या पदार्थांवर काम होई, आणि २०११ मध्ये ते बंदच झाले. आपल्याकडे मुंबईत २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘मसाला लायब्ररी’ या रेस्टॉरंटने या तंत्रांची गोडी लावली. अशी स्वयंपाकघरे आहेत, पण मोजकी. आणि त्यांत शिरणाऱ्या तरुणालाही पहिली काही वर्षे कांदा एकसारखा चिरणे, सॉस आटवणे आणि दहा-बारा तास उभे राहणे चुकत नाही. तंत्रांच्या लाटा येतात आणि ओसरतात. फेसाची लाट बरीच ओसरली आहे, असे माझे मत आहे.

ओसरलेला नाही तो पोताचा प्रश्न. पदार्थ तोंडात कसा लागतो, किती चावावा लागतो, कधी विरघळतो, दोन महिन्यांनी डब्यातही तसाच राहतो का, हा प्रश्न आज अन्न उद्योगात सर्वत्र आहे आणि तिच्या किटमधील पावडरींना पगार मिळतो तो तेथे. एक उदाहरण जिलेटिनचे घेऊ. ते शरीराच्या तापमानाला वितळते, म्हणून त्याची जेली जिभेवर विरघळते. परंतु ते प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून बनत असल्याने आपल्याकडच्या शाकाहारी ग्राहकाला चालत नाही. चायना ग्रास घालावे, तर ते पुन्हा वितळायला सुमारे ८५ अंश तापमान लागते, म्हणजे तोंडात ते तुटते, विरघळत नाही. खऱ्या चिकाचा खरवस आणि चायना ग्रास घालून केलेला खरवस यांत आपल्या जिभेला जो फरक कळतो, तो याच जातीचा आहे. चिकातील प्रथिने वाफेवर हळूहळू जाळे विणतात आणि वडी लुसलुशीत होते, चायना ग्रासची वडी कापल्यावर स्वच्छ धारेने तुटते. शेवाळ, डिंक आणि पिष्ट (स्टार्च) यांच्या जोडण्या करून जिलेटिनसारखे विरघळणे साधायचे, यावर माणसे आयुष्य घालवतात.

असेच दुसरे काम रुग्णालयांशी जोडलेले आहे. पक्षाघातानंतर अनेकांना पाण्यासारखा पातळ द्रव गिळताना ठसका लागतो आणि तो श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अशा रुग्णांसाठी पाणी, चहा, आमटी ठरावीक दाटपणाची करावी लागते आणि त्यासाठी पेये आणि अन्न मिळून शून्य ते सात अशा आंतरराष्ट्रीय पायऱ्या ठरवलेल्या आहेत. झँथन गम येथे उपयोगी पडतो, कारण लाळेतील विकर (एन्झाइम) पिष्ट फोडते तसे त्याला फोडू शकत नाही आणि दाटपणा तोंडात टिकतो. परंतु दाट केलेले वरण चिकट आणि गिळगिळीत लागले तर आजोबा ते खाणार नाहीत. रुग्णाला सुरक्षित आणि जिभेला वरण वाटेल असे वरण करणे हे मला दह्याच्या गोळ्याहून अवघड वाटते. ज्वारी-नाचणीचे पाव आणि शेवया हे तिसरे क्षेत्र. या धान्यांत ग्लुटेन, म्हणजे गव्हातील चिकट प्रथिन, नाही, म्हणून पीठ जुळून येत नाही. आपल्या आज्या भाकरीसाठी गरम पाणी वापरतात आणि मोदकांसाठी उकड काढतात, तेव्हा त्या पिष्टाचे जेलच करत असतात. कारखान्यात तेच काम इसबगोल किंवा मिथाइलसेल्युलोज (वनस्पतींच्या सेल्युलोजपासून केलेली पावडर) यांच्या मदतीने मोठ्या प्रमाणावर साधतात. मिथाइलसेल्युलोज तर तापवल्यावर घट्ट आणि थंड झाल्यावर पातळ होते, बहुतेक जेलींच्या उलट. मुलीला हे सांगा, ती त्या रात्री झोपणार नाही.

म्हणून गणित सोडू नये, हे माझे सर्वांत ठाम सांगणे आहे. माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, नागपूरचे लक्ष्मीनारायण इनोव्हेशन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठ, कुंडली आणि तंजावर येथील निफ्टेम (केंद्र सरकारच्या अन्न तंत्रज्ञान संस्था) या संस्थांतील अन्न तंत्रज्ञानाच्या बी.टेक.चा रस्ता सीईटी किंवा जेईईच्या गणितातून जातो. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे अन्न तंत्रज्ञान महाविद्यालयही आपल्या यादीत असावे. पदवीनंतर म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचा विचार करता येईल. विषयांच्या अटी आणि प्रवेशाचे नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा त्या-त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावर राहू नये. चुलीची ओढ खरोखरच अधिक असेल तर दादरच्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेसारख्या सरकारी संस्थांसाठी राष्ट्रीय पातळीवरील वेगळी प्रवेश परीक्षा आहे. तो रस्ताही चांगला आहे आणि गणित ठेवल्याने तो बंद होत नाही. उलट गणित सोडल्यास पहिल्या रस्त्यावरची बरीच दारे बंद होतात. दोन्हींपैकी कोणता निवडावा हे मी पत्रावरून ठरवणार नाही. एवढेच विचारतो, की गोळा जमला तेव्हा तिला आधी पाहुण्यांना वाढण्याची घाई होते, की तो दुसऱ्यांदा तसाच होतो का हे पाहण्याची?

दोन लाखांची पदविका आत्ता घेऊ नये. अकरावीच्या मुलीला तिचा उपयोग नाही, आणि पुढे कधी असा अभ्यासक्रम घ्यायचा झालाच तर प्रत्यक्ष कामाचे तास किती, आम्लता मोजण्याचे साधन प्रत्येकाच्या हाती येते का आणि मागील तुकडीतील मुले आज कोठे आहेत, हे विचारून त्या मुलांशी स्वतः बोलावे. त्या पैशांतील अगदी थोडा भाग ०.१ ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणाऱ्या काट्यावर आणि आम्लता दाखवणाऱ्या कागदी पट्ट्यांवर खर्च करावा. चमचा-चिमूट या मापांनी हे काम होत नाही.

वहीत तिने एक स्तंभ वाढवावा आणि त्यात पदार्थाच्या पोताचे वर्णन मराठीत लिहावे. कुरकुरीत, खुसखुशीत, कडक, रवाळ, मऊसूत, लुसलुशीत, लिबलिबीत, गिळगिळीत, दडदडीत. इतके नेमके शब्द असलेल्या भाषेत ती वाढली आहे, आणि अन्न कंपन्यांतील चव-चाचणीच्या गटाला नवे सदस्य शिकवताना पहिले आठवडे अशाच शब्दांचे अर्थ पक्के करण्यात जातात. वडिलांनी या चाचणीत परीक्षक व्हावे. कोकमाचे गोळे उलट्या रीतीने एकाच प्रमाणात पाच वेळा करावेत, पाचही वेळा त्यांनी डोळे मिटून चाखावेत आणि त्यांचे शब्द तिने जसेच्या तसे लिहून घ्यावेत. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ही पाने भरली, तर त्यांच्या छायाप्रती मला पाठवाव्यात. विषय निवडीबद्दल मी त्यानंतर अधिक नेमके लिहू शकेन.