पुण्याच्या कसब्यात कॅमेरा घेऊन पहिल्यांदा निघताना

एकच लेन्स घ्या, ३५ मिमीच्या आसपासची. बोळात उभं राहून लेन्स बदलत बसलात की बरोबरची मंडळी पुढे निघून जातात.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात सकाळी त्याच्यावर थेट ऊन येत नाही, तेव्हा वाट बघू नका. सावलीतल्या मऊ उजेडात फळ्यांवरचे टोकदार खिळे जवळून टिपा आणि पुढे चला.

खरा वेळ राखून ठेवा तो तांबट आळीसाठी, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीसाठी. तिथं भांडं फिरवत फिरवत हातोडीचे ठोके देतात, त्याला मठारकाम म्हणतात. प्रत्येक ठोक्यागणिक तांब्यावर एक लखलखता ठिपका उमटतो. आधी कॅमेरा खाली ठेवा, नमस्कार करा, ‘काका, फोटो काढू का?’ असं विचारा. माझ्या पहिल्या फेरीत मी न विचारता फोटो काढले आणि समोरच्यानं हात थांबवून पाठ फिरवली. ते अजून सलतं.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवलात तर तांब्याचा लालसरपणा मरू शकतो, म्हणून डेलाइटवर ठेवा. चकाकी जळू नये म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा होईल. हातोडीची हालचाल दाखवायची असेल तर शटरचा वेग १/३० सेकंदापर्यंत आणा, पण कोपर गुडघ्यावर टेकवून.

मंडई १८८६ सालची, अष्टकोनी. पण आत शिरलात की वास्तूपेक्षा भाजीवाल्या मावशींच्या हातांकडे बघा. आणि कुणाला फोटो द्यायचं कबूल केलं असेल, तर तो छापून नेऊन द्याच.